जोमाला मारलेल्या हाका

चांगुणाबाईच्या नातीचं लग्न झालं आणि गावातच राहणारा चांगुणाचा सख्खा भाऊ जोमा मांडवात नव्हता, ते साल २०४३. नऊ वर्षांपूर्वी जोमा गावकीच्या उमेदवाराविरुद्ध निवडणुकीला उभा राहिला होता. तेव्हापासून त्याचं घर वाळीत होतं. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, बहिणीनंसुद्धा.

मांडव उतरवताना कुणी पाहुणा बोलता बोलता ‘बॉयकॉट’ म्हणाला. चांगुणा साठीनंतर अक्षरं शिकलेली. नवा शब्द सोडत नसे. तिनं कर्णकोशाला विचारलं. कर्णकोश म्हणजे कानात बसणारा, हरभऱ्याएवढा शब्दकोश. तो अर्थ सांगे, आणि गावात नवा शब्द रुजला की टिपूनही घेई.

“क्रियापद,” कोश म्हणाला. “अर्थ, वाळीत टाकणे. मूळ, आयर्लंडमधल्या एका जमीनदाराच्या कारभाऱ्याचं आडनाव. १८८० साली कुळांनी त्याचं काम सोडलं, त्याच्याशी बोलणं सोडलं. पुढे दुसऱ्या कुणाशी तसं वागले, तरी लोक त्याचंच नाव घेऊ लागले. असं एक क्रियापद तुमच्या गावातही सापडलंय. ‘जोमा करणे’. वापर: ‘बॅट देत नाही? मग जोमा करा त्याला!’ पोरांच्या तोंडी एकशे सहा वेळा. रविवारी जगाच्या कोशात जाईल.”

“मेल्या, माझा भाऊ आहे तो!”

“मला फक्त वापर कळतो. हाकेत किंवा बोलण्यात, माणसाचं नाव म्हणून त्याहून जास्त वेळा ऐकलं, तर ते नावच राहील.”

चांगुणा तडक मिठागरावर गेली. जोमा मीठ ओढत होता.

“जोमा! ए जोमा!”

तो दचकला. “कोण गेलं गं बाय?”

“कुणी नाही रे. नुसती हाक मारतेय. जोमा! जोमा!”

चाळीस हाकांत तिचा घसा बसला. तेवढ्यात गावकीचे हसुराम पाटील बांधावरून धावत आले.

“चांगुणाबाय, तुलाही वाळीत टाकीन!”

“टाका. पण का, ते मोठ्यानं सांगा.”

“जोमाशी बोलतेस म्हणून!”

“एक्केचाळीस,” चांगुणा म्हणाली. “पाटील, आणखी एकदा.”

मीठ भरणाऱ्या बायका जवळ आल्या. चांगुणानं कोशाचं सगळं सांगितलं. बायकांतली भागी म्हणाली, “म्हणजे उद्या माझ्या दादल्याचंही क्रियापद होईल? अर्थ, झोपा काढणे!” हसता हसताच तिनं हाक मारली, “जोमादादा!” मग सगळ्याच सुरू झाल्या. पाटील ऐकत उभे राहिले. उद्या गाव आपल्यावर उलटला तर आपल्याही नावाचं क्रियापद होईल, हे बहुधा त्यांच्याही मनात आलं. ते माघारी वळले.

रविवारी ते क्रियापद कोशात गेलं नाही. ज्याला अख्खं मिठागर हाक मारतं त्याला वाळीत कसं म्हणायचं, हे गावकीलाही सुचेना. जोमाच्या ओटीवर पुन्हा माणसं बसू लागली.

एकदा तिथंच बसून चांगुणानं कोशाला विचारलं, “त्या आयर्लंडच्या साहेबाला हाक मारणारं कुणीच नव्हतं का रे?”

“मला फक्त वापर कळतो,” कोश म्हणाला.

जोमा २०४९ च्या माघात वारला. खांदा द्यायला सगळा गाव आला होता.