शेवटच्या शब्दांचं कापड

धंतोलीच्या दवाखान्यांत ज्यांची माणसं दगावत, त्यांच्या घरी पुष्पलता महिन्याभरानं जायची. हळूच विचारायची, "जाताना काय बोलले हो?" लोक रागावत नसत, उलट सांगून मोकळे होत. ते शब्द ती माहेरच्या मागावर विणलेल्या पांढऱ्या कापडावर काळ्या शाईनं मोठाल्या अक्षरांत उतरवायची. चित्र नाही, नुसतीच अक्षरं. 'मले पानी दे.' 'गाय बांधली का?' कापड मुंबईला प्रदर्शनात टांगायचं होतं. साल चौऱ्याहत्तर.

एका सकाळी कापडाच्या तळाशी नवं वाक्य दिसलं. वळण तिच्याच हाताचं.

'पुष्पा, कडी काढ वं.'

कचेरीतून आल्यावर तिचे यजमान, देवराव, रोज दाराबाहेरून हेच म्हणायचे.

"तुम्ही गंमत केली का?" तिनं विचारलं.

"मी काहून करू? असं अक्षर मले येते का?"

तिनं ते घासून धुतलं. दुपारपर्यंत ते पुन्हा उमटलं, ओलं, मसणातल्या भिजल्या राखेसारखा वास मारत.

तेव्हापासून तिनं दाराला कडी लावणंच सोडलं. ते त्यांचे शेवटचे शब्द ठरायचे असतील, तर ते बोलायची पाळीच येऊ नये. देवराव आधी हसले, मग तिचे डोळे पाहून तेही दार नुसतं लोटून ठेवू लागले.

मे महिन्यातल्या एका रविवारी भरदुपारी धुळीचं वादळ उठलं. घरात पिवळट अंधार दाटला. दार धाडधाड आपटू लागलं, तेव्हा पुष्पलता आत खिडक्या लावत होती. देवरावांनीच उठून कडी घातली. ती बाहेर आली तर ते छाती चोळत खाटेवर बसलेले, घामानं डबडबलेले.

"जीव घाबरा होऊन राहिला... पुष्पा, कडी..."

तिनं झेप घेऊन तळहात त्यांच्या तोंडावर दाबला.

"नाही... बोलू नका... एक शब्द नका बोलू..."

वारा एकदम पडला. सगळं निपचित. आणि दाराच्या फटीला तोंड लावावं तसं, बाहेरून, देवरावांच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं,

"...काढ वं."

तिच्या तळव्याखाली देवरावांचे ओठ हलले नव्हते. त्यांची नजर दारावर खिळली होती. श्वास मात्र चालू होता, गरम, भराभर.

कितीतरी वेळ तिनं तळवा दाबूनच धरला. बाहेर पुन्हा आवाज झाला नाही.

मग तिनं भीतभीत हात काढला. तळवा काळ्या शाईनं ओला झाला होता, त्यावर तिच्याच वळणाची अक्षरं: 'काढ वं.'