कडी वाजेपर्यंत

कायलाच्या संथ खाडीकाठच्या जुन्या चर्चमधली ती शेवटची उपासना. पुढच्या रविवारपासून सगळे हमरस्त्यावरच्या नव्या चर्चमध्ये जाणार होते. राहेलम्मा टीचरनं पायरीशी चपला काढल्या आणि पांढऱ्या उपरण्याचा पदर डोक्यावर घेतला.

"वाईट वाटतंय ना, टीचर?" सेवेकरी पैलीनं विचारलं.

"वाईट कसलं? देव काय कौलांना धरून बसलाय? मनापासून हाक मारली की कुठंही ऐकतो."

"मग डोळे का पुसताय?"

"धूप लागला."

"अजून पेटवलाय कुठं!" पैली हसला.

आत बायकांच्या बाजूला मोजून सहाजणी. राहेलम्मा नेहमीच्या जागी उभी राहिली. तिच्यामागं दाराशी नणंदेची, शोशम्माची जागा. शोशम्मा पल्याडच्या काठावरून होडीनं यायची, कायम उशिरा, ओल्या पायांनी. तिला देवाघरी जाऊन वर्ष झालं होतं.

त्या जागी आज दोन ओली पावलं उमटली होती. धक्क्याला तर एकही होडी नव्हती. कुणी पाणी सांडलं असेल, असं म्हणून राहेलम्मानं तोंड वेदीकडे फिरवलं.

बारा वर्षांपूर्वी सासूची सोन्याची साखळी हरवली, तेव्हा भर अंगणात ती शोशम्माला चोर म्हणाली होती. दोन वर्षांनी साखळी राहेलम्माच्या स्वतःच्याच तांदळाच्या पेटीत सापडली. तिनं तोंडातून चकार शब्द काढला नाही. चाळीस वर्षं मुलींची गणितं तपासणाऱ्या बाईला स्वतःची चूक कबूल करवली नाही.

वेदीवरून पाद्री अच्चननी शांती दिली. इथं ती हातातून हातात मागं सरकते: पुढचीचे जोडलेले हात आपल्या ओंजळीत घ्यायचे, मग वळून मागचीला द्यायचे. सगळ्यात शेवटच्या बाईनं दाराची पितळी कडी वाजवायची. शोशम्मा होती तोवर अकरा वर्षं राहेलम्मा शांती घेऊन तशीच ताठ उभी राहिली, मागं वळलीच नाही. शोशम्मा दर रविवारी ओंजळ पुढं करून थांबायची. कडी वाजत नसे. थोडं थांबून अच्चन पुढची प्रार्थना म्हणत.

आज राहेलम्माच्या हाती शांती आली. पुढच्या रविवारी ही जागा नसणार होती.

आता नाही तर कधीच नाही.

ती वळली. रिकाम्या जागेपुढं तिनं जोडलेले हात धरले. बाकीच्या बायका बघत होत्या. तिला त्याचं काही वाटेना.

"शोशे," ती पुटपुटली, "साखळी माझ्याच पेटीत होती गं. दहा वर्षं मला ठाऊक होतं."

कायलावरचा वारा पडला. धुपाचा धूर होता तिथंच थांबला.

तिचे हात कुणीतरी ओंजळीत घेतले. गार, ओली ओंजळ. घाई नव्हती, राग नव्हता. राहेलम्माला हुंदका आवरला नाही.

हात सुटले.

दाराची कडी वाजली.

वेदीशी अच्चननी मान वळवून दाराकडे पाहिलं. मग त्यांनी पुढची प्रार्थना सुरू केली.

उपासनेनंतर पैली पायरीशी आला. "टीचर, कडी कुणी वाजवली?"

"शेवटच्या बाईनं."

"शेवटच्या तर तुम्हीच होतात!"

राहेलम्मानं उजवा हात उलटा करून पाहिला. हाताच्या पाठीवर बोटांचे ओले ठसे होते. तीन लांब, आणि चौथा अर्धाच. काथ्याच्या कारखान्यात शोशम्माची करंगळी अर्धी तुटली होती.

उन्हातून घरी पोचेपर्यंत ते ठसे वाळले नाहीत. तिनं पुसलेही नाहीत.