हळदीच्या अंगाचा कैदी

साहेब, माझ्या होणाऱ्या नवऱ्याला तुम्ही अडकवलंत, आणि तो प्यायला नव्हता हे तुम्हाला ठाऊक आहे.

दारूबंदी आली तेव्हा राघो स्वतः चौकीवर आला होता. “सोडायचीय साहेब, पण अंग ऐकत नाय. कुठं जाऊ?” तुम्ही हसलात. शिपायानं त्याच्या कानाखाली वाजवली. तोंड तेवढं लक्षात ठेवलंत.

दुसऱ्या दिवशी तो मला खाडीवरच्या मिठागरात भेटला. माझ्या डोक्यावर पाटी चढवायला आला, तर पाटीच लटलटायला लागली. निम्मं मीठ माझ्या पायावर!

“मला बघून थरथरतोस काय रे?”

“तुला बघून नाय गं… हातभट्टी सोडलीय.”

“हात्तिच्या! मला वाटलं, माझंच काहीतरी…”

ओठ फुटलेले, डोळे लाल. पण हसला.

दिवस कलला की त्याला तहान सुटायची. घाम, उलट्या, शिव्या. मी पेज घेऊन बांधावर बसायची. तो टोप भिरकावायचा, मी चिखलातून उचलून आणायची.

“जा ना! तुझी आय शोधत असंल.”

“तू ऊठ, मग जाते.”

“मग मी उठतच नाय.”

एकदा पिऊन आला. दुसऱ्या दिवशीही मी बांधावर होते.

“अजून हायेस?”

“दिसत नाय?”

त्यानं टोप माझ्या हातातून घेतला. मग म्हणाला, “बायजा… मला तू लागतेस. दारूसारखी नाय… पेजेसारखी.”

आमच्यात हळदीला पितरांना दारू दाखवतात. मग नवऱ्यानं ती ओठाला लावायची. त्याच्या काळुरामकाकानं कुठून तरी बाटली पैदा केली. “नुसता थेंब रे, पितर उपाशी जातील!” नवरीनं त्या दिवशी नवऱ्याच्या दारात जायचं नसतं. मी गेले. हळदीच्या अंगानं, शहाळं घेऊन. राघोच्या हातात वाटी होती, आणि हात पुन्हा थरथरत होता.

“आज पितर पाणी पितील,” मी म्हणाले.

त्यानं वाटी जमिनीवर ओतली. शहाळं तोंडाला लावलं आणि माझ्याकडं असं बघितलं… जाऊ दे, ते तुम्हाला सांगून उपयोग नाही.

तेवढ्यात तुम्ही आलात. काका मागच्या दारानं पळाला. राघो जागचा हलला नाही. “कशाला पळू? मी प्यालोच नाय.” तुम्ही त्याचं तोंडही हुंगलं नाहीत. चेहरा ओळखीचा होता, तेवढं पुरलं.

आज लग्नाची वेळ टळली. मघाशी त्यानं गजांतून हात बाहेर काढला. पिवळा हात.

“तुझी हळद उतरली का गं?”

“नाय. तुझी?”

“नाय… पण बायजा, हितं आत बाटली फिरतेय. ह्या साहेबाच्या शिपायाचीच. दिवस कलला की मी…”

त्यानं हात आत ओढून घेतला.

दिवस कलायला लागलाय, साहेब. मी इथून हलत नाही. उठा. त्याचं तोंड हुंगा, आणि माझ्या डोळ्यांत बघून सांगा, दारूचा वास नक्की कुठून येतोय?