हिरवा हापसा

वीज गेली होती. गच्चीवर सतरंजी टाकून भाचरं बसली होती. मोठे मामा म्हणाले, "हे माझ्या ओळखीच्या एका रंगाऱ्याचं आहे. खोटं वाटेल त्यानं खाली जाऊन झोपावं." खाली मिट्ट काळोख, त्यामुळे कुणालाच खोटं वाटलं नाही. चाळिशी उलटलेली थोरली भाची "मला काही भीतीबिती वाटत नाही" असं म्हणाली आणि हळूच सतरंजीच्या मधोमध सरकली.

रंगाऱ्याचं काम साधं. पाणीखात्याचे लोक हापशांचं पाणी तपासून खडूनं खूण करायचे आणि मागून हा जाऊन हापशाचं तोंड रंगवायचा. हिरवं म्हणजे खुशाल प्या. लाल म्हणजे धुणीभांडी करा, पण तोंडात घालू नका, पाण्यात सोमल आहे. आर्सेनिक म्हणतात ते. त्याला ना वास, ना चव. पाव्हण्यासारखं गोड बोलून घरात शिरतं आणि वर्षानुवर्षं हलत नाही.

गेल्या नोव्हेंबरातली अमावास्येची रात्र. एकच हापसा उरला होता, तोही त्याच्या धाकट्या बहिणीच्या सासरच्या अंगणातला. खूण होती लाल. बहिणीला पाचवा महिना.

सासूबाईंनी लाल डबा बघितला आणि वाटच अडवली. "उद्या पोरीला बघायला येताहेत. दारात लाल हापसा बघून चहा तरी घेतील का ते? हिरवा लाव. लग्न उरकलं की फास तुझा लाल."

"मावशी, पाणी वाईट आहे."

"उकळून पितो आम्ही. थोरलीला तर निम्मं आटवून द्यायचो."

थोरली म्हणजे थोरली सून. तिच्या तळहातांना, तळपायांना खिळ्यांसारखी कुरुपं आली होती. मातीवर पावसाचे थेंब पडावेत तसे छातीवर डाग. घरच्यांनी ठरवलं, लागट रोग आहे. मागची खोली, वेगळं ताट, आणि औषध म्हणून आटवलेलं पाणी. आटवलं की पाणी उडतं, सोमल तिथंच राहतो. जितकी बिघडायची, तितकं जास्त आटवून द्यायचे. त्याआधीच्या उन्हाळ्यात ती गेली.

रंगाऱ्याला हे सगळं ठाऊक होतं. पण दाराआडून बहीण पुटपुटली, "दादा, लाव ना हिरवा. तू जाशील निघून, बोलणी मी खाईन."

लावला त्यानं. रंगारीच शेवटी, भिंतीची ओल झाकण्यात हयात गेलेली.

खडूची खूण शेजाऱ्यांनी बघितलेली, म्हणून गल्ली झोपल्यावर काम उरकलं. रंगाचा पहिला हात वाळेपर्यंत तो पायरीवर टेकला. उजव्या हातात ब्रश तसाच.

हापशाचा दांडा खाली गेला.

वर आला.

पुन्हा खाली...

हापशापाशी कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. पातेलं भरत होतं.

"वहिनी, एवढ्या रात्री..." सवयीनं तोंडातून निघालं. मग आठवलं.

तिनं वळून बघितलं. उठली. पातेल्यातून वाफ येत होती. चूल नाही, काही नाही.

"हिरवा आहे ना?"

त्यानं ब्रश पाठीमागे नेला.

"मग पी."

"तहान... तहान नाही मला."

"मलाही नसायची."

तिनं त्याचा उजवा हात धरला. तळहात कसला, खिसणीच. पातेलं ओठांना लागलं. चटका बसला. त्यानं दात आवळले. ती दाबत होती.

तेवढ्यात कडी वाजली. दारात बहीण. हातात रिकामा पेला.

"दादा, घशाला कोरड पडलीय रे. दोन दांडे मारतोस?"

थोरली तिच्याकडे वळली. हात सोडला नाही. पातेलं पुढं केलं... बहिणीला ती दिसत नव्हती. पेला मात्र तिनं पुढं धरला होता.

"लाल आहे," रंगारी ओरडला. "तो हापसा लाल आहे. पिऊ नकोस."

सगळी गल्ली जागी झाली. हातावरची पकड सुटली. अंगणात कुणी नव्हतं.

दांडा मात्र अजून हलत होता.

लोकांच्या देखत त्यानं हापसा लाल केला. सासूबाई शिव्या घालत होत्या, "माझ्या पोरीच्या वाटेत काटे पेरलेस, मेल्या." त्याच पावली तो बहिणीला माहेरी घेऊन आला. ती परत गेली नाही. मुलगी झाली, ठणठणीत आहे.

"आणि रंगारी?" भाचीनं विचारलं. पाय तिनं केव्हाच पोटाशी घेतले होते.

मामांनी आवाज खाली आणला.

सकाळी त्याला ब्रश धरवेना. उजवा तळहात कुरुपांनी भरलेला. खिळ्यांसारखी. डावा गुळगुळीत.

डॉक्टरांनी विचारलं, "किती वर्षं पिताय ते पाणी?"

"एक घोटही नाही."

"असं व्हायला वर्षं जातात. आणि होतं ते दोन्ही हातांना." डॉक्टरांनी तो हात उलटा केला. सुलटा केला. दिव्याखाली धरला. बराच वेळ बघत राहिले...

मग हळूच म्हणाले, "हा हात तुमचाच ना?"