एक लाल, दोन काळा

ताईने घाईघाईने बाबांच्या मनगटाला पट्टा बांधला. आज कळणार होतं! नाडीच्या ठोक्यांवरून मनातली भावना ओळखणारं हे मशीन तिनेच बनवलं होतं. अर्धांगाचा झटका येऊन बाबांची वाचा गेली त्याला दोन महिने झाले होते. तिच्याशी मात्र ते चार वर्षं बोलले नव्हते. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं, तेव्हापासून. तो राग अजून आहे का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

"आणि हा दुसरा पट्टा कोणाला?" धाकट्या भावाने विचारलं.

"कोणालाच नाही. एक नंबर बाबांना, दोन नंबर रिकामा. रिकाम्यात ठोके दिसले, तर मशीन थापा मारतंय म्हणायचं."

खिडकीजवळच्या लाकडी आरामखुर्चीच्या हाताला तिने तो गुंडाळला. भावाने ती कालच जुन्या बाजारातून आणली होती. बाबा एकटक तिकडेच बघत होते. डोळ्यांवर ऊन येत असेल म्हणून तिने पडदा ओढला.

मग तिने मोबाइलवर 'एक' दाबलं. "बाबा, मी आलेय. बरं वाटलं?"

आकडा चौसष्टवरून सत्तरवर गेला. खाली अक्षरं उमटली: आनंद.

ताईने टुणकन उडीच मारली.

"अगं हो हो, हर्षवायू होईल! रिकामा बघितलास का?"

तिने हसत 'दोन' दाबलं. एकशे अठरा. भीती.

"बोंबला! खुर्ची घाबरली," भाऊ म्हणाला.

ताई हसली नाही. एक नंबरचा पट्टा लाल, दोनचा काळा. बाबांच्या मनगटावर काळा होता, आरामखुर्चीच्या हाताला लाल. उत्साहाच्या भरात तिने पट्टे उलटे बांधले होते.

तिने बाबांची नाडी बोटांनी चाचपली. ती नुसती धावत होती. बाबा अजून त्या आरामखुर्चीकडेच बघत होते.

"यांना बाहेर ने. आधी बाहेर ने!"

भावाने बाबांची चाकांची खुर्ची बाहेरच्या खोलीत ढकलली. मोबाइलवर आकडा उतरत गेला. शंभर. नव्वद. ब्याऐंशी. बाबांनी चांगला हात उचलून ताईच्या गालावर ठेवला.

आनंद.

"बघ," भाऊ म्हणाला, "राग नाहीच आहे."

ताईला रडू फुटलं. डोळे पुसता पुसता तिचा अंगठा 'एक'वर पडला.

एकशे चाळीस. दीडशे.

राग.