चाळीस आडव्या दांड्या

दुपारचं काम साधंच होतं. पितळेच्या चाळीस छोट्या इंजिनांना शेवटची दांडी बसवायची, पुसायचं आणि खोक्यात ठेवायचं. पोरांनी खेळायची नव्हेत हं, शौकिनांच्या कपाटात मिरवणारी इंजिनं. खऱ्या वाफेच्या इंजिनाचा खिळान्‌खिळा त्यांत असायचा. कारखान्यातल्या ताईंचा हात चिमट्यावर असा बसलेला, की तांदळाएवढी दांडीही पहिल्या फटक्यात जागेवर जाई.

पण आज त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. खोक्यात घालायचं माहितीपत्रक छापायला निघालं होतं, आणि त्यात चक्क लिहिलं होतं, 'या इंजिनाचा बॉयलर फायरमनच्या हलगर्जीपणामुळे फुटला.' इंजिनात कोळसा टाकणारा तो फायरमन म्हणजे ताईंचे वडील. मेलेल्या माणसाच्या माथी खापर फोडायला काय जातं? तो थोडाच उठून भांडणार आहे!

ताईंनी हातापाया पडून छपाई संध्याकाळपर्यंत थांबवली होती. "पत्रक लिहिणारे साहेब चारला येतायत, त्यांनाच सांगा," एवढं बोलून मालक मोकळे झाले. हे साहेब म्हणजे बॉयलर फुटला त्या वेळचे इंजिन शेडचे प्रमुख.

दांडी होती काचनळीच्या तोटीची. बॉयलरमध्ये पाणी किती, ते फायरमनला या नळीत दिसतं. दांडी उभी म्हणजे नळीची वाट उघडी, आडवी म्हणजे बंद. ताईंनी चाळीसही दांड्या नकाशाप्रमाणे उभ्या चिकटवल्या, वाळू दिल्या आणि चहा पिऊन आल्या. बघतात तर सगळ्या आडव्या.

"कोणाला चेष्टा सुचतेय?" त्या कडाडल्या. खोलीत कुणीच नव्हतं. त्यांनी चडफडत पुन्हा सगळ्या उभ्या केल्या, पाठ वळवून हात धुतले. चाळीसच्या चाळीस आडव्या… आणि खोलीत ओल्या राखेचा, तापल्या तेलाचा वास. वडील कामावरून आले की घरभर पसरायचा, तोच.

चारला साहेब आले. डोळ्याला भिंग लावून त्यांनी पहिलं इंजिन पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"ही आडवी कोणी केली?"

"नकाशात कशी आहे?" ताईंनी विचारलं.

"उभी. त्या दिवशीही उभीच दिसत होती… दुरुस्तीत दांडी उलटी बसली होती. दिसायला उघडी, आतून वाट बंद. हे माझ्याशिवाय कुणाला…" साहेबांनी जीभ चावली.

म्हणजे नळीत अडकलेलं पाणी तसंच दिसत राहिलं, आणि तिकडे बॉयलर कोरडा पडत गेला! ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"फायरमननं सांगितलं होतं तुम्हाला?"

"नळीतलं पाणी हलत नाही, असं तक्रारवहीत लिहिलं होतं," साहेब पुटपुटले. "पण गाडी सोडायचा वरून हुकूम होता. नंतर ते पान मीच फाडलं. आता उकरून काय मिळणार, बाई? गेला तो गेला."

"तो माझा बाप होता! माझी आई जन्मभर मान खाली घालून जगली आणि तशीच गेली. वर पुन्हा पत्रकात तेच लिहिता? जनाची नाही, मनाची तरी?" त्यांनी कोरा कागद साहेबांपुढे आपटला. "खरं काय ते लिहा. हेच छापून जाईल."

"मी नाही लिहिणार."

साहेब उठायला लागले आणि अर्ध्यावरच थांबले. कुठूनतरी वाफ सुटल्यासारखा बारीक आवाज येत होता… भिंगाची काच धुरकटली. साहेब हळूहळू पुन्हा खाली बसले. त्यांनी पेन उचललं. सगळं अंग थरथरत होतं, पण अक्षर मात्र ठसठशीत उमटत गेलं. उलटी दांडी, तक्रारवही, हुकूम, फाडलेलं पान, काही सुटलं नाही.

शेवटची ओळ संपली.

"बाई…" साहेब कुजबुजले. "यांना सांगा ना… माझं मनगट सोडायला."

ताईंनी पाहिलं. साहेबांच्या शेजारी कुणी नव्हतं. नुसती कोटाची बाही चार ठिकाणी आत दबली होती. पण एवढ्या वर्षांचा राग ताईंच्या भीतीला पुरून उरला.

"सोडतील," त्या म्हणाल्या. "सही राहिलीय अजून."