एकतीस गाण्यांचा बेस

माझ्या बेस गिटारची जाड तार खर्र खर्र करायला लागली म्हणून आम्ही तिघं संपतकाकांकडे गेलो. मी, चेतन आणि निकिता. चेतन आमचा ड्रमर. म्हणजे त्याच्याकडे ड्रम नाहीयेत, पण बाकीचा माज सगळा ड्रमरचाच आहे. निकिता गाते. काकांचं दुकान नारायण पेठेत, जिना चढून वर एक खोली. दुकान कसलं, गिटारींचा दवाखानाच तो.

काकांनी माझा बेस बंदुकीसारखा धरला आणि एक डोळा मिटून नेकवरून, म्हणजे लांब दांड्यावरून बघितलं.

"काय करतोस रे याच्यावर? कपडे वाळत घालतोस?"

"नाही काका."

"मग घालत जा. काहीतरी उपयोग होईल."

नेकला बाक आला होता. आतली सळई पान्यानं पाव फेरा पिळायची, तासभर तशीच ठेवायची, लाकडाला सवय होऊ द्यायची, मग परत बघायचं. काका घाई करत नाहीत, कितीही बोंबला. साडेनऊ झाले होते, खालची दुकानं बंद झाली होती. मी आपलं टाइमपास म्हणून बोललो, "काका, एवढं कशाला करताय? आजकाल बेस वाजवतो कोण? लॅपटॉपवर लावला की झालं."

काकांनी पाना खाली ठेवला.

"हेच वाक्य एकजण माझ्यासमोर बोलला होता. वर्षभरानं त्याच स्टुलावर बसून रडला. तू बसलायस त्याच."

मी जरा सरकून बसलो. आता पुढचं काका बोलले तसंच लिहितो. मध्ये तोंड घालणार नाही. एकदाच घातलं, ते येईलच.

हिंदुराव वारज्याचा. मूळ गावातला. शेतं गेली, बिल्डिंगा आल्या, याच्या वाटणीला काय आलं ते त्याच्या भावांना विचारा. बावीस वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवला त्यानं. ते वाक्य बोलणारा ऋषी तिथलाच कीबोर्डवाला. त्याला चौदाव्या वर्षी हिंदुरावनंच ऑर्केस्ट्रात आणला. पोराला बाप नव्हता. जेवायला रोज हिंदुरावच्या घरी.

चोवीस सालच्या दिवाळीत ऋषी त्याला म्हणाला, "काका, घरी या आणि सगळी गाणी वाजवा. रेकॉर्ड करून ठेवतो, तालमीला बरं पडेल." हिंदुराव आधी माझ्याकडे आला. "संपत, झकास सेट करून दे रं. पोरगं रेकॉर्डिंग करतंय माझं." एवढा खूश. मी नव्या तारा चढवल्या, त्यांची नेकपासूनची उंची कमी केली, बोटाखाली लोणी करून दिलं. एक रुपया घेतला नाही. बोकडाला कापायच्या आधी हार घालतात ना? तो हार मी घातला.

एका दुपारीत एकतीस गाणी. प्रत्येक गाणं संपलं की हिंदुराव विचारायचा, "बरं झालं का रं?" ऋषी म्हणायचा, "एकदम, काका." ते सगळं रेकॉर्ड झालंय. चार गाण्यांत चुकलं होतं. हिंदुराव म्हणाला, "ती चार पुन्यांदा घेऊ." ऋषी म्हणाला, "नंतर घेऊ."

तुळशीची लग्नं लागली, लग्नांचा सीझन सुरू झाला. एक दिवस हिंदुराव फोन घेऊन आला. "बघ रं संपत, बिघडलाय. ऑर्केस्ट्राच्या ग्रुपवर कायच येईना." मी बघितलं. फोन ठणठणीत होता. ग्रुपमधून काढला होता त्याला. मला सांगवेना. म्हटलं, रेंज नसेल.

संध्याकाळी हा नेहमीच्या जागी, वारज्याच्या पुलाखाली. खांद्याला बेस, टेम्पोची वाट बघत. टेम्पो आला. ऋषी पुढेच बसला होता, मोबाईलमध्ये मान घालून. टेम्पो थांबला नाही. मग हा बाबा रिक्षा करून लॉन्सवर गेला. गेटवर पोचला, तर आत लॅपटॉपवरून बेस वाजतोय. त्याचाच. त्याचीच बोटं, चुकांसकट.

मला म्हणाला, "काढलं त्याचं काय नाय संपत. पन त्या चार चुका रोज वाजनार आता. निदान दुरुस्त तरी करू द्यायच्या व्हत्या."

फेब्रुवारीत गेला. झोपेत. ऑर्केस्ट्रातलं कुणी आलं नाही. त्या दिवशी शो होता.

काका उठले, माठातलं पाणी प्यायले, परत बसले. "आता ती रात्र नीट ऐका, ऋषीनंच मला सांगितलेली. पंचवीस साल. एकोणीस नोव्हेंबर, बुधवार."

ऋषी वारज्यात तिसऱ्या मजल्यावर राहायचा, एकटाच. दुसऱ्या दिवशी लग्नाची ऑर्डर होती. ऋतिका नावाची गायिका, तिचा घसा बसला होता, म्हणून एका गाण्याची पट्टी खाली घ्यायची होती. दहा मिनिटांचं काम. पावणेबाराला लॅपटॉप उघडला. हेडफोन घातला. बाकी सगळं बंद केलं, नुसता बेस चालू ठेवला.

त्या गाण्यात तिसऱ्या कडव्याला चूक होती. ऋषीला पाठ होती ती. शोमध्ये तिथे तो कीबोर्ड मुद्दाम जोरात दाबायचा, झाकायला.

चूक आली नाही.

मागे घेऊन परत लावलं. स्वच्छ. चुकलेलं दुसरं गाणं उघडलं. तेही दुरुस्त. तिसरं. चौथं...

चौथं संपलं. हिंदुरावचा आवाज आला. "बरं झालं का रं?"

त्यापुढे ऋषीचा आवाज असायचा. एकदम, काका.

तो नव्हता...

गाणं चार मिनिटांचं. फाईल तिथे संपते. संपली नाही. आकडे पळत होते. चार दहा. चार चाळीस. पाच... आवाज काही नाही. फक्त श्वास. कुणीतरी उत्तराची वाट बघतंय...

धुम्म!

निकिता किंचाळली. स्टँडवरच्या बेसची जाड तार चेतननं ओढली होती. आयडिया माझी. जिना चढतानाच ठरलेली, की काका कधी ना कधी भुतावर येणारच, तेव्हा ओढायची. काकांनी नुसतं बघितलं. तेवढ्यात चेतनचं बोट माझ्याकडे. एका सेकंदात! पहिलीपासूनची दोस्ती, भाऊ.

"झालं?" काका म्हणाले. "आता ती तार लावून ठेवा. उतरलीये. घाबरवायचंच तर निदान सुरात घाबरवा."

एरवी आम्ही लोळलो असतो हसून. काकांचा चेहरा बघून कुणी हसलं नाही.

"पुढे काय झालं काका?" निकितानं विचारलं.

ऋषीनं हेडफोन काढला.

खोली शांत. पंखा बंद. रस्त्यावर गाडी नाही.

मग आवाज आला. हेडफोनमधून नाही...

मागून.

"बरं झालं का रं?"

ऋषीनं मान वळवली नाही. वळवता येईना. कसाबसा म्हणाला, "हो काका. एकदम."

काही नाही.

श्वास... तसाच. तीन तास.

मग पोरगं फुटलं. "चुकलो काका. उद्यापासून ट्रॅक बंद. बेसला माणूस आणतो. स्टेजवर तुमचं नाव घेतो, सगळ्यांसमोर. आईशप्पथ."

श्वास थांबला.

तीन वाजून सात मिनिटं झाली होती.

"म्हणजे ऋषी सुटला," मी म्हणालो. तोंड घालणार नव्हतो, पण काहीतरी बोलायचं होतं.

"सकाळ झाली," काका म्हणाले. "उजेडात शपथ मोडायला काही लागत नाही. बेसवाला आणायचा म्हणजे शोधा, तालीम घ्या. आणि ट्रॅक तर आता मस्तच झाला होता ना. चारही चुका निघालेल्या."

"लावला?" चेतननं विचारलं.

"लावला. एकतीसच्या एकतीस. लोक नाचले."

"आणि नाव?" निकिता म्हणाली.

"कुणाचं?" काका म्हणाले, आणि एवढं कडू हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

एकवीस तारखेला सकाळी आठला मी शटर उघडायच्या आत ऋषी जिन्यात बसलेला. पांढराफटक. लॅपटॉप पोटाशी धरलेला. इथे आला, या स्टुलावर बसून रडला, मग लॅपटॉप उघडला. एकतीस फायली होत्या. बत्तीस दिसत होत्या. बत्तिसावी लावायची त्याची हिंमत नव्हती. मी लावली.

गाणं होतं. पंचवीसच्या दिवाळीत आलेलं, नवं कोरं. ऑर्केस्ट्रानं अजून बसवलंही नव्हतं. आणि हिंदुराव फेब्रुवारीतच गेला होता.

पण बोटं त्याचीच. सूर घसरवत आणायची त्याची खोड मी बावीस वर्षं ऐकलीये, मला कुणी शिकवू नये. एक चूक नाही सबंध गाण्यात.

"शेवटी विचारलं त्यांनी?" चेतनचा आवाज बारीक झाला होता. "बरं झालं का?"

"नाही. या वेळी काही विचारलं नाही."

खालून एक स्कूटर गेली.

"गाणं संपलं. मग बेसच्या पिशवीची चेन ओढल्याचा आवाज... मग चपला. आम्हाला वाटलं, चालला. झालं त्याचं."

"मग?"

"माणूस जायला लागला की पावलांचा आवाज बारीक होत जातो ना? हा..."

काकांनी दिव्याकडे बघितलं.

"हा मोठा होत होता. फाईल तिथेच संपते."